चहाच्या गंजातलं मटण

बाबा, चार दिवसांपूर्वी मी चहाच्या गंजात मटण शिजवलं. माझ्या हातानं. तेव्हापासून ते पातेलं मागच्या ओट्यावर पालथं पडलं आहे आणि मी कुकरच्या डब्यात चहा करते आहे. तुमचे जावई रोज सकाळी विचारतात, "अवं, थो गंज आत घेऊन राह्यली का फेकून राह्यली? एक काय ते ठरव ना." तेच तर ठरत नाही. माय असती तर तिनं एका वाक्यात निकाल लावला असता. तुम्ही मात्र विचारात पडला असता, डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली असती, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे. लिहायला बसलं की माझी शाळेतली भाषा येते. तुमच्याशी अशी कधी बोलले नाही, पण सांभाळून घ्या.

मी सावंगीत मेस चालवते, हे तुम्हाला ठाऊक नाही. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुली जेवतात माझ्याकडे, कुठल्या कुठल्या गावच्या. दोन शेगड्या आहेत, एक शाकाहारी, एक मांसाहारी. भांड्यांचेही दोन संच. मटणाच्या प्रत्येक भांड्याला आणि पळीला मी लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला आहे. नवीन आलेल्या मुली हसतात, "काकू, हॉस्पिटलमध्ये पण एवढं नसतं हो!" त्यांना काय माहीत हा ठिपका कुठून आला ते. मटण मी शिजवत नाही, ते मेसमधली मावशी शिजवते. तिच्या घरी तीन बकऱ्या आहेत आणि तिला त्यातलं कळतं. मी नुसती दाराशी उभी राहते आणि सांगते, मावशी, मीठ कमी पडलं, मावशी, कांदा अजून भाजायचा होता. न खाता, वासावरून. माझं कधी चुकत नाही. मुलींना त्याचं मोठं नवल वाटतं.

तुमची नात हैदराबादला असते. तुम्ही गेलात तेव्हा ती पाळण्यात होती. ती जिथं काम करते तिथं मटण तयार करतात, म्हणजे वाढवतात. बकरीच्या मांडीतून सुईनं इवलासा कण काढायचा, बकरी तिकडं चरायला मोकळी, आणि तो कण मोठ्या टाकीत ठेवून वाढवायचा. विरजण लावतात तसं, असं ती मला समजावते. आधी त्याला जनावराच्या रक्तातलं पाणी लागायचं, तेही आता बंद केलं म्हणते. विकायची परवानगी अजून मिळालेली नाही. घरच्यांनी चाखून पाहावं म्हणून वरिष्ठांना विचारून तिनं एक डबी आणली होती, बर्फात ठेवून, थर्मोकोलच्या खोक्यात. ओंजळभर तुकडे, गुलाबी, हाडाचं नाव नाही. ती डबी तिनं माझ्या शाकाहारी ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "आई, याच्यात कोणी मेलं नाही. आता सांग, कोणत्या शेगडीवर चढवणार?"

अहो, काय गोंधळ झाला म्हणून सांगू! मी म्हटलं, लाल ठिपक्याच्या कढईत घाल. तर पोरगी चिडली. "म्हणजे तुझ्या लेखी हे तेच आहे? मग मी पाच वर्षं तिथं काय गवत उपटलं?" मावशीनं पदरानं नाक धरलं. "मी नाई लावत याले हात. ज्याले मायबाप नाई थे कायचं मटण?" मग स्वतःशीच पुटपुटली, "अन् बकऱ्या पाळन कोण मंग? फोटोत राह्यतीन." तुमचे जावई तर दर रविवारी खाणारे, मला वाटलं ते तरी खूश होतील. ते चष्मा लावून डबीत वाकून पाहत राहिले. "याचे हिस्से कसे पाडाचे?" म्हणाले. त्यांच्या गावी पोळ्याच्या करीला दहा घरं मिळून बकरा कापतात, पळसाच्या पानांवर सारखे हिस्से मांडतात, प्रत्येक हिश्शात थोडी कलेजी, थोडी चरबी, एक नळी. मुंडीवरून भांडण ठरलेलं. "ज्याची मुंडी नाई, नळी नाई, ज्याच्यावरून भांडण नाई, थे मटण कायले म्हणाचं? अन् बाई, जीव घेतला तं घेतला म्हणाव. खाणाऱ्याले मालूम असलं पायजे." खाणाऱ्यालाही नको आणि न खाणाऱ्यालाही नको, अशी ती डबी तिथं पाणी सोडत बसली होती. पोरीचे डोळे भरून आले. कोणत्याच बाजूचं नाही असं एकच भांडं घरात होतं, चहाचा गंज. तो चढवला.

ती एवढी का दुखावली, ते सांगते. पुढच्या महिन्यात तिच्याकडे ठरणार आहे, बकरीच्या मटणाचं हे काम चालू ठेवायचं की गुंडाळायचं. तिथले जाणते म्हणतात, खऱ्या मटणाची चव याच्यात आलेली नाही. तिला वाटतं, आली आहे. पण तिनं स्वतः आयुष्यात मटण खाल्लेलं नाही. अंडंसुद्धा सोडलं ते आठ वर्षांची असताना, माझ्या तोंडून साहेबांची गोष्ट ऐकून. रात्रभर रडली होती. "तुझ्या साहेबांसाठीच तर मी या लाइनला आले, आई," असं गंजाशी उभी राहून म्हणाली.

साहेब आठवतात ना बाबा? तुम्हीच नाव ठेवलं होतं. मला मुदतीचा ताप आला, एकवीस दिवस उतरेना, तेव्हा मायनं गिरडच्या दर्ग्यातल्या बाबांना नवस बोलला, पोरगी वाचली तर बकरा देईन. मी वाचले. तुम्ही काळं पिल्लू आणलं, एक कान पांढरा. वर्षभर मीच त्याला चारलं. आपल्या वावरातली मेथी आर्वीच्या बाजारात जायच्या आधी पहिली जुडी त्याची. तुम्ही पहाटे टोपली भरता भरता विचारायचात, "साहेबांचा नाश्ता झाला का जी?" आणि तो खरंच तुमच्या हाकेवर यायचा, बाजेखालून मुंडी काढून.

पोरीला मी सांगितलेली गोष्ट अशी, की गिरडच्या टेकडीखाली नवसाच्या कंदुरीच्या जेवणाला साहेब कापले गेले, मी खूप रडले, ताटाला हात लावला नाही, आणि त्याआधी किंवा नंतर मटणाची चवसुद्धा घेतली नाही. मुलीला काय, सगळ्यांनाच मी हेच सांगत आले. लग्नात सासूला सांगितलं, मेसमधल्या मुलींना सांगते. इतक्यांदा सांगितलं की मला ते रडणं आठवतंसुद्धा.

खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही समोर होता. भाजीच्या मेटॅडोरमधून आपण गेलो होतो, साहेब सगळ्या वाटेनं मेथी खात होते. दोर तुमच्या हातात होता. मुजावरांनी फातेहा पढला. मग लिंबाखाली मोठ्या गंजात शिजायला घातलं, आणि तो वास आला. बाबा, काय वास होता तो! आजारातून उठलेलं पोर मी, वर्षभरात अंगाला मांस लागलं नव्हतं. ज्याचा नवस त्यानं पहिला घास घ्यायचा म्हणून माझ्यापुढं पहिलं ताट आलं. मी रडले नाही. खाल्लं. सगळं खाल्लं, बोटं चाटली, आणि विचारलं, "अजून कलेजी आहे का?" बायका हसल्या, पोरगी बरी झाली म्हणाल्या. तुम्ही तुमचं ताट उचललं, माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणालात, "खा माय." मग तुम्ही कांद्यासोबत कोरडी भाकर खाल्लीत. पुढच्या एकादशीला तुम्ही माळ घातली. मायनं किती विचारलं, काऊन, काय झालं? तुम्ही एवढंच म्हणालात, "हाकेवर येत होता थो."

तुम्ही सोडलंत, मी नाही. माय मागच्या अंगणात वेगळ्या चुलीवर शिजवायची, गंज गोठ्याच्या खुंटीला. ती पाणी आणायला गेली की मी झाकण काढून पळीनं तर्री प्यायची. एकदा तुम्ही लवकर वावरातून आलात, "वाढ वं बाई," म्हणालात, आणि मी घाबरून तीच पळी तुमच्या वरणात घातली. तुम्ही अर्धी भाकर खाल्ली होती तेव्हा तुम्हाला दिसलं. पिवळ्या वरणावर लाल तेलाचे थेंब तरंगत होते. तुम्ही हात थांबवला. माझ्याकडं पाहिलं, माझे ओठ लाल असणार. मला वाटलं आता थोबाडीत बसते. तुम्ही उठलात, हात धुतला, गळ्यातली माळ काढून देवाच्या खुंटीला लावली. आठ दिवस तुमचा गळा मोकळा होता, पुढच्या एकादशीला बुवांकडून पुन्हा घालून घेतलीत. मला फक्त एवढं म्हणालात, "तुले खाचं असन तं खा. मी काय नाई म्हणत. पण चोरून नोको खाऊ. खाल्लं तं खाल्लं म्हणजो."

त्या दिवसापासून मी खाल्लं नाही. दया येऊन नव्हे बाबा, लाजेनं. तुमचा तो मोकळा गळा मला बघवत नव्हता.

आता तुम्हीच सांगा, मी पोरीला काय सांगू? हाकेवर येत होता म्हणून सोडलं, असं तुम्ही म्हणालात, तर मग तिच्या डबीतलं तुम्हाला चाललं असतं. ती बकरी अजून हाकेवर येते. फोनवर फोटो आहे तिचा, कुंपणाशी उभी. पण वरणातल्या त्या थेंबांनी कोणाचा नव्यानं जीव गेला होता? तरी तुम्ही माळ उतरवली. म्हणजे गोष्ट जिवाची नव्हती, शब्दाची होती. का चवीची होती? का दोन्ही होतं आणि तुम्हालाही नीट माहीत नव्हतं? मी चार दिवस हेच घोळवते आहे. कधी वाटतं, पोरीनं केलं ते किती चांगलं, कोण्या पोरीचे साहेब आता जायचे नाहीत. कधी वाटतं, मग वर्षभर मेथी तरी कोण चारणार होतं? मावशी म्हणते तशा बकऱ्या फोटोतच उरतील. जावई म्हणतात ते आठवतं, घेतला तर घेतला म्हणावं. ते तुमच्यासारखंच बोलले, आणि त्यांना ते माहीत नाही. डोकं नुसतं भणाणून जातं.

तर गंज उतरवला. पहिला घास तुमच्या जावयांनी घेतला. चावत राहिले. "बरं आहे. पण मी नळी चोखल्याबिगर काय सांगू शकत नाई," म्हणाले आणि हात धुतला. मावशी आलीच नाही. पोरगी माझ्याकडं वळली. "आई, तू खाशील? कोणासाठी नाही, तुझ्यासाठीच तर केलं. तुला खाता यावं असं." मी पोळीचा तुकडा मोडला, त्यात एक फोड घेतली आणि खाल्ली. चाळीस वर्षांहून जास्त झाली असतील.

चव तीच होती, बाबा. अगदी तीच, लिंबाखालची. चरबी किंचित कमी, बाकी काही फरक नाही. ती माझ्या तोंडाकडं पाहत होती, जशी परीक्षेच्या निकालाच्या दिवशी पाहायची. एक वाक्य बोलायचं होतं, हुबेहूब आहे गं, आणि तिनं ते छातीला धरून हैदराबादला नेलं असतं. पण तिनं लगेच विचारलं असतं, तुला कसं माहीत? मग सगळंच सांगावं लागलं असतं. साहेब, कलेजी, पळी. आणि जिच्या रडण्यावर तिनं आपलं आयुष्य उभारलं ती आई रडलीच नव्हती, हे. मी पाणी प्यायले आणि म्हटलं, "मले काय कळते त्यातलं?"

"हो ना," ती हसून म्हणाली. "तुला कसं कळणार." रिकामी डबी धुऊन तिनं बॅगेत टाकली. दुसऱ्या दिवशी गाडी होती.

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही. खरं तर हे हैदराबादला टाकायला हवं, पाकीटही आहे घरात, पण माझा हात तिकडं जात नाही. मसाल्याच्या डब्यांमागं ठेवून देईन, तिथं कोणी हात घालत नाही. फक्त एक राहिलं. तिला गाडीत बसवून मी घरी आले, हे बाहेर गेले होते, मावशी यायला वेळ होता. गंजाच्या तळाशी उरलेले तुकडे आणि थोडी तर्री होती. मी ओट्यावर उभ्याउभ्या भाकरीनं गंज पुसून काढला, पार कोरडा होईपर्यंत, दाराकडं लक्ष ठेवून. आणि मग तो घासून पालथा घातला.

चोरूनच खाल्लं, बाबा.