शालीखालचं बाळ

प्रिय एव्हेलियो,

हे पत्र मी टाकणार नाही. तुला आलेलं पत्र तुझी बायको आधी वाचते, याची मला खात्री आहे.

गेल्या नाताळात आपल्या घरच्या गव्हाणीतली बाळ येशूची मूर्ती चोरीला गेली. आपल्या डोंगरातली रीत मला ठाऊक आहे. बाळ कुणीतरी चोरायचं आणि गावाने गात-वाजवत दारोदार शोधायचं. पण आई गेल्यापासून मी कुणाला दार उघडत नाही. मग आत शिरलं कोण? माझा संशय शेजारच्या बेनिल्दावर. रोज खिडकीतून सूप द्यायची. फुकट कोण देतं?

गावाबरोबर मीही शोधत गेले तर बाळ तिच्याकडेच, नव्या झबल्यात.

"चोरटे," मी म्हणाले.

"चोरलं नसतं तर घराबाहेर पडली असतीस का गं?"

मग बाळाला पोचवायला सगळं गाव माझ्या घरात. ते गेल्यावर मी चमचे मोजले. सगळे होते.

यंदा बेनिल्दाचा मुलगा तुझ्यासारखाच परदेशी गेला. तिने दार लावून घेतलंय, सूपही बंद. मला लक्षण बरं दिसेना.

खिडकी मात्र लावायला विसरली. तिच्या गव्हाणीतलं बाळ आत्ता माझ्या शालीखाली आहे. झबलं शिवायला घेतलंय. बघते, कशी येत नाही ती.

तुझी ताई,
ओबदुलिया