सुरतेचं नाव

९ एप्रिल १९९५
मंजूला पुन्हा हुडहुडी! काल अंगणात लंगडी खेळली, आज गोधडीखाली दात वाजताहेत. अक्का ऊसतोडीहून परतली तेव्हापासून लेकीचं हे असंच — एका दिवसाआड. आई म्हणते, "काल खेळली की! गेला ताप." मला धीर नाही.

११ एप्रिल
आष्टीच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टर म्हणाले, "तोडीला कुठं गेलता?"
अक्का पटकन म्हणाली, "सोलापूरकडं."
मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. गेली होती सुरतेकडे! बाहेर आल्यावर म्हणाली, "मुकादमानं बजावलंय. तिकडं प्लेग झाल्यापासून सुरत म्हनलं की लोक दारात उभं करीत न्हाईत. तुला माझी शपथ हाय." टायफॉईडच्या गोळ्या मिळाल्या.

१५ एप्रिल
मंजूला झटके. जीपने नगर. तिथल्या डॉक्टरीणबाईंपुढे अक्काने रडत खरं सांगितलं. बोटातून रक्त घेतलं. बाई म्हणाल्या, "हिवताप आहे, मेंदूत गेलाय. आधी का नाही सांगितलंत?"

१६ एप्रिल
मंजू गेली.

२२ एप्रिल
मुकादम धर्मराज भेटायला आला. ओट्यावर बसून म्हणतो, "देवाची मर्जी, अजिनाथ." देवाची कशाची? तुझी! — हे मनातच. पण पाणी दिलं नाही मी त्याला! तसाच गेला. याला ह्याच ओट्यावर रडताना पाहीन.

२७ एप्रिल
धर्मराजचा धाकटा मुंजाजी तोडीवर मंजूबरोबरच खेळायचा. आता तोही काल बरा, आज गारठलेला! आष्टीच्या डॉक्टरांना बापाने सोलापूरच सांगितलं. त्याच गोळ्या. मला हसू आलं. खरंच आलं.
त्याची आई केसरबाई दारात आली. "नगरात काय म्हनले रं, मंजूला काय झालतं?"
अक्का मंजू गेल्यापासून कुणाशी बोललेली नाही. हिवताप होता हे ठाऊक फक्त आम्हा दोघांना.
म्हटलं, "काही कळलं नाही म्हणाले."
आवाज जराही कापला नाही.

२९ एप्रिल
सकाळी अक्काला सांगितलं — "फिटलं बघ! मुंजाला तोच ताप. मी तोंड उघडलं नाही."
ती उठली. अनवाणी धर्मराजच्या घरी गेली, पोराला काखोटीला मारलं आणि भर गल्लीत ओरडली, "सुरतेचा ताप हाय ह्यो! जीप काढा!"
संध्याकाळी नगरहून परतली. पोरगं वाचेल म्हणतात.
मी पाण्याचा तांब्या पुढे केला. तिने घेतला नाही.