हिअर, लिसन आणि तिसरी हाक

मास्तर, आज वर्गात 'हिअर' आणि 'लिसन' शिकवलं, तुमच्याच खुर्चीवर बसून, तुमच्याच शब्दांत. आपसूक कानावर पडतं ते हिअर, त्यात आपली मर्जी नसते. मन लावून ऐकायचं ते लिसन, आणि त्याच्यामागे 'टू' हवाच, कारण कान कुणाला तरी द्यावा लागतो. पोरांनी माना डोलावल्या. हा फरक तुम्हाला आमच्या बापाने समजावला होता, हे मात्र मी त्यांना सांगितलं नाही.

नागलीच्या कापणीसाठी बापाने मला शाळेतून काढलं होतं. तुम्ही कोट-टोपी घालून जव्हारहून साखरशेतला चालत आलात आणि तिन्हीसांजेला अंगणाबाहेरून बापाला एकदाच हाक मारलीत. चुलीपुढे आईचा हात भाकरीवर थबकतो. बाप विस्तवाकडे बघत राहतो. मी आवाज ओळखतो, ओ द्यायला तोंड उघडतो, तोच आईचा पिठाचा तळवा माझ्या तोंडावर येतो. तुम्ही जरा थांबलात आणि फणफणत परत गेलात.

दुसऱ्या दिवशी बाजारात तुम्ही बापाला गाठलंत. मी शेजारी गवताचा भारा घेऊन उभा होतो. "कान फुटलेत का रे तुझे?"

बाप शांतपणे म्हणाला, "आयकू आला, मास्तर. पन आयकला नाय. सांजंच्या पारी एका हाकंला ओ द्यावाची नाय. भूत एकदाच हाक मारतं, मानूस तीनदा. भुताला ओ दिली तं त्याच्या मागं जावा लागतं."

तुमचा राग कुठल्या कुठे गेला. त्याच संध्याकाळी तुम्ही पुन्हा आलात, थांबत थांबत तीन हाका मारल्यात, आणि तिसरीला बाप "ओ" म्हणत बाहेर गेला. माझी शाळा तिथून परत सुरू झाली. पुढे तापाने जाईपर्यंत तुम्ही आमच्या पाड्यावर कधी एका हाकेवर थांबला नाहीत.

दिवाळीपासून शाळेमागच्या उतारावरून सांजेला माझ्या नावाची हाक येते. एकच. आवाज तुमचा, नावाचं शेवटचं अक्षर लांबवायची खोडही तुमचीच. दिवा लावता लावता बायको माझा चेहरा बघते. तिला काही ऐकू येत नाही, पण "गप ऱ्हावा, ओ नका देऊ" म्हणते. घरात लहान लेकरं आहेत. मला भीती वाटते, मास्तर. मी मनाला समजावतो की मास्तरांना रीत ठाऊक होती, ते असते तर एका हाकेवर थांबले नसते. याने धीर यायला हवा, पण उलट पोरकं वाटतं.

काल पहिलीपाठोपाठ दुसरी हाक आली. मी दाराची कडी धरून उभा राहिलो. अंधार पडला, तिसरी आली नाही. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही. मी तिसरीची वाट बघत होतो.