फेकून दिलेल्या दोन नव्व्या

प्रिय भिंगरी,

पत्राला उशीर झाला. ताप-बिप काही नाही, घाबरू नकोस. आठ दिवस नुसती किळस येत होती. दुधात पाल पडलेली दिसावी आणि ते दूध आपण आधीच पिऊन बसलेलो असावं, तशी. तुझी आई म्हणाली, पित्त झालं असेल, लिंबूपाणी घ्या. हिला प्रत्येक गोष्टीवर लिंबूपाणीच सुचतं. मागे नळ गळत होता तेव्हा हिने प्लंबरलाही तेच पाजलं.

तर शिंपीकाकांच्या दुकानामागच्या खोलीत आमचा डाव अजून रोज दुपारी बसतो. तेच चौघं. मी, शिंपीकाका, दातांचे डॉक्टर आणि पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई. तू शिकवलेलाच पोकर, हातात दोन-दोन पानं, खाली सगळ्यांची मिळून आधी तीन, मग एकेक करून दोन; पैशांऐवजी बटणं. डॉक्टर अजूनही बोट थुंकीने ओलं करून पानं वाटतात. जन्मभर लोकांच्या तोंडात हात घातलेला माणूस, त्याला काय वाटायचं! मी आपली पानं पदराला पुसून घेते.

तू गेलीस तेव्हा मला फक्त एकच गोष्ट नीट जमत नव्हती. हातात एक्का-राजा आहे आणि खाली तीन बारकी पानं पडली, तर समोरच्याहून जास्त बटणं लावून चढवायचं कधी आणि गप्प बसायचं कधी. तू पाठ करून घेतलं होतंस, "आजी, तेव्हा तुझं काहीही जुळलेलं नसतं, नुसती आशा असते. तीन एक्के आणि तीन राजे, एवढीच सहा पानं तुझ्या कामाची. तिघं-चौघं खेळात असतील तर हात आवर, कुणाचं तरी जुळलेलंच असणार. एखाददुसराच असेल आणि खालची पानं एकमेकांना ओळख न दाखवणारी असतील, तर चढव. कच्चा असेल तर पानं टाकून उठेल. नाही उठला तरी पुढच्या महाग फेरीला बटणं न लावता दबून राहील, म्हणजे तुला एक पान फुकट बघायला मिळेल." आमच्यात चढवायचं ते ठरलेलंच, आधी दोन-दोन बटणं, नंतर चार-चार. उगाच अख्खा डबा पुढे लोटून कुणाला भेवडावता येत नाही. म्हणून चढवण्याची वेळ कळणं हीच खरी अक्कल, असं तूच म्हणायचीस.

आणि काय सांगू, मला ती अक्कल आली! सहा महिने मी चढवलं की तिघंही पटापट पानं टाकत. चौथी शिकलेली बाई मी, पण माझ्या बटणांचा डबा भरून झाकण लागेना. मी दूधवाल्याला सांगितलं, तुझ्या बापाला सांगितलं, चष्म्याच्या दुकानातल्या मुलीला तर नंबर तपासताना सांगितलं.

मग मागच्या आठवड्यातला मंगळवार. खाली नव्वी, पंजी, दुर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. माझ्या हातात एक्का-राजा. डॉक्टरांनी दोन बटणं टाकली, मी चढवलं, बाकीचे दोघं उठले. डॉक्टर सुस्कारा सोडून म्हणाले, "आजी, तुमच्यापुढे आमची कुठली डाळ शिजणार!" आणि पानं टाकून मोरीकडे गेले. पिसायची पाळी माझी. गोळा करताना त्यांची पानं उलटी झाली. दोन नव्व्या! खाली एक, हातात दोन. तीन नव्व्या जुळलेल्या असताना हा माणूस दोन बटणांना भिऊन उठला?

मी पानं पिसून वाटली. पुढच्या डावात मुद्दाम बावळटपणा केला. खाली राजा, राणी, गुलाम, चौघंही खेळात, आणि माझ्या हातात सत्ती-दुर्री. अशा वेळी शहाणं माणूस पानं टाकून चहा ठेवायला जातं. मी चढवलं. टाकली की गं तिघांनी पानं! शिंपीकाका तर माझ्याकडे बघून असे हसले, जसं दुपट्यातल्या बाळाकडे बघून हसतात.

मी माझी सत्ती-दुर्री सगळ्यांसमोर आपटली. म्हटलं, "ही बघा माझी अक्कल! किती दिवस चाललंय हे?" डॉक्टर म्हणाले, "अहो, तुमच्याच आनंदासाठी हो." मी म्हटलं, "दात हलायला लागला की तुम्ही पेशंटला चॉकलेट देत होतात का?" शिंपीकाका कापडावर खडूने रेघा ओढत बसले, एकाच जागी दहा रेघा. कुणी शिकवलं होतं ते पोस्टवाल्या बाईंनी सांगितलं. ते शेवटी लिहिते, आधी मला रागावून घेऊ दे.

हरण्याचं मला काही नाही गं. पण मला खरंच येतं की नाही, हेच मला कळेना. सहा महिन्यांत मी चांगलं चढवलं असेल, वाईटही चढवलं असेल, दोन्हींवर उत्तर एकच. उष्टं खाऊन पोट भरल्यासारखं वाटत होतं. ती बटणं मी शिंपीकाकांच्या खोक्यात ओतून टाकली आणि घरी येऊन साबणाने हात धुतले.

चार दिवस मी डावाला गेले नाही. पाचव्या दिवशी गेले आणि अट घातली, जो मला मुद्दाम जिंकायला सोडेल त्याने महिनाभर खोली झाडायची. त्या दुपारी मला सोलून काढलं तिघांनी. डॉक्टर तर सूडच उगवत होते, सहा महिन्यांचं साठलेलं. डब्याचा तळ दिसायला लागला. मग एकदा हातात एक्का-राणी आले, खाली दश्शी, छक्की, तिर्री. शिंपीकाकांनी दोन बटणं टाकली. मी चढवलं. बाकीचे दोघं उठले, काका हटले नाहीत. पुढचं पान चौकी. काका दबले, एकही बटण लावलं नाही, मीही नाही. ते पान मला फुकट पडलं बघ! आणि शेवटचं पान राणी. काकांनी चार बटणं टाकली, मी चार वर चढवली, त्यांनी भरली. मी म्हटलं, "आधी पानं दाखवा, माझा भरवसा उडालाय." गुलाम-दश्शी! त्यांची दश्शीची जोडी, माझी राणीची. खरोखर हरले होते. तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं होतं आणि पुटपुटले ते इथे लिहिण्यासारखं नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

आता ते. पोस्टवाल्या बाई म्हणाल्या, "तुमची नात जाताना एकेकाला गाठून हात जोडत होती. आजोबा गेल्यापासून आजी धड जेवत नाही, हा डाव तेवढा तिचा उरलाय, तिला हरवू नका म्हणाली." तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होते, पण आहे, आणि तो ठेवून तुला जवळ घ्यावंसंही वाटतं. म्हणून एकच विचारायला हे पत्र लिहिलं. निघायच्या आदल्या दिवशी आपण दोघीच खेळलो. मी चढवलं, तू पानं पालथी टाकलीस आणि बॅग भरायला उठलीस. त्या दिवसापासून मी दोन वेळा जेवायला लागले. तुझ्या हातात काय होतं तेव्हा? खरं लिही. मी जेवणार आहेच.

तुझीच, आता कुणी सोडलेलं न चालणारी,
आजी