कुणालाही सुचलं असतं

मंगळवार, ३ मार्च

लिहीन लिहीन म्हणत हिवाळा गेला. आज वही उघडली, तीही आत्यानं "सोफा झिजवण्यापलीकडे काही करतोस का?" असं विचारल्यावर!

नोटबुर्गाआत्याच्या पेटंटवर एका बड्या औषध कंपनीनं हरकत घेतली आहे. सुनावणी इथेच, म्युनिकमध्ये. पेटंट गेलं की तिच्या लशीत पैसे घालणारे जाणार, आणि मग प्रयोगशाळेला कुलूप.

भानगड अशी. विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असतं, मिटलेल्या छत्रीसारखं. पेशीत घुसताना ते फटकन उघडतं. लशीला मिटलेलंच हवं. आत्यानं त्याच्या साखळीतले दोन दुवे बदलून ते मिटलेलं ठेवलं. कंपनी म्हणते, दुसऱ्या एका विषाणूत ही युक्ती आधीच झाली होती — इथेही कुणालाही सुचली असती.

छत्रीवरून आठवलं, माझी ट्राममध्ये राहिली. तिसरी.

गुरुवार, ५ मार्च

वकील तानहूबरबाई आल्या होत्या. पेटंटच्या कायद्यात म्हणे एक 'जाणकार' असतो. त्याला सगळं माहीत, कल्पकता मात्र शून्य. आमचे भूगोलाचे मास्तर!

"त्याला हे करता आलं असतं का, हा प्रश्न नाही," बाई म्हणाल्या. "जमेल अशा भरवशानं त्यानं ते केलंच असतं का, हा आहे."

मग त्यांनी कंपनीचा पुरावा काढला. सत्काराच्या भाषणात आत्याच बोलून गेली होती — "यात विशेष काही नाही, कुणीही हेच केलं असतं."

"असं बोलायला सांगितलं कुणी तुम्हाला?"

"सत्कारात दुसरं काय बोलतात?"

मी हसलो. मला बेकरीतून प्रेत्सेल आणायला पाठवलं. वाटेत नदीवर फळ्या घेऊन लाटेवर नाचणारे दिसले. प्रेत्सेल संध्याकाळी पोचले.

शुक्रवार, ६ मार्च

जेवताना सहज विचारलं, "जमणार नाही असं तेव्हा कुणीच म्हणालं नव्हतं?"

"लाइटगेब म्हणाला होता ना. 'हा विषाणू वेगळा आहे, बाई! दुवे बदललेस की प्रथिनाचा चुरा होईल. टिकलं तर मिशी उतरवीन!' बटाटे घे."

लाइटगेब म्हणजे तिचा जुना सहकारी. आता कंपनीचा सल्लागार. कंपनीनं दिलेल्या 'यश अपेक्षितच होतं' या निवेदनावर सही त्याचीच! मिशी अजून जागच्या जागी. मागच्या साली मिशीवाल्यांच्या स्पर्धेत दुसरी आली.

तानहूबरबाईंना फोन लावला.

"म्हणजे तेव्हा जाणकारालाच भरवसा नव्हता! हे ते लिहून देतील? पुढच्या शुक्रवारनंतर आलेला कागद घेतीलच असं नाही."

मंगळवार, १० मार्च

आत्या लाइटगेबला फोन करत नाही. "पैज त्याची. आठवण मी का करून द्यायची?"

शेवटी मीच गेलो. बिअरच्या गुत्त्यात, ठरलेल्या टेबलाशी, मिशीला मेण लावून बसला होता. तेव्हा जे म्हणालात ते शुक्रवारपर्यंत लिहून द्या, म्हटलं.

"गमतीत बोललो होतो रे पोरा."

"मिशीवरून गंमत? तुम्ही?"

त्यानं पेला उचलला. फेस मिशीला न लागू देता पितो — बघण्यासारखं आहे.

गुरुवार, १२ मार्च

काही नाही. पाऊस. छत्री नाही.

शुक्रवार, १३ मार्च

आत्ताच घंटा वाजली. दारात कुणी अनोळखी म्हातारा, वरचा ओठ सोललेल्या बटाट्यासारखा. "नोटबुर्गा आहे का? आणि लिहायला टेबल लागेल."

आवाजावरून ओळखलं!