थरगुडांची लाट

प्रिय फर्गस,

शेवंडांचा हंगाम सुरू झाला असेल, तुला पत्र वाचायला फुरसत नसेल, तरी बस आणि वाच. लॉन्सेस्टनच्या हॉस्पिटलात येऊन मला महिना होत आला. इथल्या नर्स चहा इतका पांचट करतात की बाबांनी तो सरळ बंदरात ओतला असता.

डॉक्टरबाईंनी स्वच्छ सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, बाबा ज्याने गेले तोच. कापून काढण्यापलीकडे गेलाय. मी विचारलं, आमच्याच घरात का? तर म्हणाल्या, "लहानपणापासून पोटात कळा यायच्या का?" मला हसूच आलं. म्हटलं, किंग आयलंडवर आमच्या घरात त्याला लाट म्हणतात. आठवतं ना, बाबा बोटीच्या कठड्याला धरून वाकायचे, घामाने निथळायचे आणि वर आपल्यालाच सांगायचे, "लाट आहे पोरांनो, ओसरेल." ओसरायचीच की! म्हणूनच तर आपण फसलो.

बाई म्हणाल्या, प्रत्येक लाट म्हणजे स्वादुपिंडाला आलेली सूज. दुखणं थांबतं, पण आत व्रण राहतो. दोष आपल्या रक्तातूनच आलाय. वर्षानुवर्षं सूज, डागडुजी, पुन्हा सूज, आणि त्या डागडुजीत एखादी पेशी बिघडते. सगळ्यांनाच होतं असं नाही, पण आपल्याला धोका फार. त्यात दारू आणि सिगरेट म्हणजे आगीत तेल. आणि आपल्या थरगुडांच्या घरात काय? पहिली लाट आली की बाबा रमचा घोट द्यायचे, "आता तू खरा थरगुड!" तुला माझ्याआधी मिळाला तेव्हा मी केवढी जळले होते.

"मेरनला डॉक्टरांनी घाबरवलंय," असं म्हणशील तू. म्हण. घाबरलेच आहे मी.

पण हे पत्र माझ्यासाठी नाही रे. परवा तुझ्या टिलीचा फोन आला. पोरीच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "आत्या, मला लाट आली! मी अजिबात रडले नाही. पप्पांनी चमचाभर रमसुद्धा दिली." मी तिला शाब्बास म्हणाले, फर्गस. आता खरं काय ते तिला तू सांग, आणि मिळेल त्या विमानाने तिला इथे तपासायला घेऊन ये. आधी तिला डॉक्टरांकडे ने. मला भेटायला नंतर आलास तरी चालेल.

तुझीच,
मेरन