पान एकशे बारा

२ एप्रिल १९८७
दुसरी आवृत्ती निघणार! पुण्याहून प्रकाशकांचं पत्र आलं — 'दोघांचा कोयता'ची पहिली आवृत्ती खपली. सातवी शिकलेला मी, सोसायटीचा सेक्रेटरी, आणि माझी प्रेमकथा पुण्यात हातोहात जाते! पत्र चार वेळा वाचलं. चौथ्यांदा बायकोला, सिंधूला, मोठ्यानं. ती म्हणाली, "बरं झालं," आणि घागर घेऊन निघाली. टँकर दोन दिवस आलेला नाही.

दुरुस्त्या असतील तर महिनाअखेर कळवा म्हणतात. माझ्या पुस्तकात दुरुस्ती? ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एकट्या माणसाला मुकादम घेत नाही. म्हणून लग्नाआधीच जोडी म्हणून नाव लावणारे माझे केसर आणि शहादेव. यातली गाडी, बैल, कोयत्याची मूठ, सगळं उसाच्या फडात जाऊन बघून लिहिलंय. बैलांच्या शिंगांचा रंगसुद्धा!

७ एप्रिल
वाचकांची तीन पत्रं. तिघांनाही एकशे बारावं पानच आवडलं. शहादेव उसाची मोळी केसरच्या डोक्यावर ठेवतो आणि तिच्या डोळ्यांत स्वतःला बघतो. प्रकाशक मलपृष्ठावर हाच उतारा घालणार. घालू द्या!

१० एप्रिल
टँकर आला. अर्ध्या गावाला पुरला. आमचं घर दुसऱ्या अर्ध्यात.

१४ एप्रिल
जयंती. विहारासमोर मांडव. सोसायटीचे चेअरमन माणिकराव यांनी मला शाल घातली. "आपला आश्रुबा पुण्यात छापतोय, बे! हसता काय?" मग मी पान एकशे बारा वाचलं. आणि टाळ्यांसाठी थांबलो.

तर मागून दगडाबाई उठली. बारा हंगाम ऊस तोडलेली बाई. यंदा ऊसच नाही म्हणून तलावाच्या कामावर खडी फोडते.

"भाऊ, लई ग्वाड लिवलं. पर त्याला डोळे कसे दिसले?"

म्हटलं, समोरच उभा आहे ना तो.

"मोळी डोक्यावर आली की शेंड्याचं वाढं खाली लोंबतंय. पार त्वांड झाकतंय. समोरच्याला बाईचे पायच दिसत्यात. आमच्या मालकानं हंगामच्या हंगाम माजे पायच बगितले!"

सगळा मांडव खदखदला. माणिकरावसुद्धा. मीही हसलो. हसावं लागलं.

१५ एप्रिल
दगडाबाईला काय कळतं कादंबरीतलं!

१६ एप्रिल
कळतं. मी फडात गेलतो ते दुपारी. गाडी भरून झाली होती. मोळी उचलताना मी कुणाला बघितलंच नाही. इथं खोटं कशाला लिहू — ते डोळे मी घरी बसून रचले.

२१ एप्रिल
पोस्टातून पुण्याला ट्रंक कॉल लावला. एक पान बदलतो म्हटलं. प्रकाशक तिकडून ओरडले, "एकशे बाराला हात लावू नका! त्यावरच पुस्तक चाललंय!"

२६ एप्रिल
स्वतः बघितल्याशिवाय ठरवायचं नाही. जनावरांच्या छावणीवर चाऱ्याचा ऊस आलाय, बाहेरून. तिथल्या ज्ञानोबाकडून एक मोळी मागून आणली. "लगी वापस आनून द्या," म्हणाला, "म्हशी वाट बगत्यात."

सिंधूला अंगणात उभं केलं. "अहो, पानी आणायचंय मला." म्हटलं, दोनच मिनिटं, साहित्याचं काम आहे. बिचारीनं चुंबळ केली. मी मोळी ठेवली. वाढं लोंबलं. तोंड गेलं. दगडाबाई खरी!

मग शहादेवासारखं समोर उभं राहून खाली बघितलं.

डाव्या अंगठ्याला चिंधी. काळी पडलेली, घट्ट. कडेनं दिसलं — नख नाही.

"हे कधी लागलं?"

मोळीखालून आवाज आला, "शिमग्याला. इहिरीच्या वाटंला ठेच लागली."

सहा आठवडे!

"मला सांगितलं कावून नाही?"

"सांगितलं की. तुमी लिवीत व्हता."

२८ एप्रिल
पान नव्यानं लिहिलं. शहादेव आता केसरचे पाय बघतो. डोळ्यांचं एक अक्षर ठेवलं नाही. सोबत पत्र: हेच पान छापा, नाहीतर आवृत्ती काढू नका. कडा गावच्या बाजारला गेलो तेव्हा स्वतः पोस्टात टाकलं. आतापर्यंत लिहिलेलं सगळ्यात चांगलं पान! हे मी ठामपणे म्हणतो.

३० एप्रिल
अंगठा दवाखान्यात दाखवला. पाणी मी आणलं. सिंधूनं घागरीत वाकून बघितलं. "लई सांडलं."

९ मे
पुण्याचं पाकीट आलंय. फोडलं नाही अजून. आधी घागर घेऊन विहिरीवर जाऊन येतो. मोजलीत, एका बाजूनं दोन हजार एकशे सत्तर पावलं.